जाहिरातीतला हिरवा

शुवेखच्या गॅरेजात बू मिशारी आला
तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता,
प्लास्टिकच्या पाकिटात, दोन्ही तळव्यांवर
ओलं विरजण न्यावं तसा धरलेला.
शुक्रवारच्या बाजारात बारा दिनारला घेतला म्हणाला.
अमेरिकन मासिकाचं पान, सन त्रेपन्न.
मागच्या बाजूला कुठल्याशा सुपाची जाहिरात,
चमचा अर्ध्यात कापलेला.

"बकार्ड," तो म्हणाला.
अरबीत प नाही.
पॅकार्डची बकार्ड होते,
पुरुषोत्तमचा बुरशोतम.
चौदा वर्षं नावावर ही बुरशी;
पेंटर माणूस, मी ब्रश ऐकतो.

गाडी जहराच्या शेतावरून ट्रेलरवर आली.
त्याच्या वडिलांची.
बोरीच्या झाडाखाली चाळीस वर्षं उभी,
डिकीत वाळू, गादीत उंदरांचा वंशविस्तार.
कंपनी तर कधीच मेली,
सुतक धरायलाही कुणी उरलं नाही.

कागदावर मात्र ती लांबच लांब,
समास ओलांडून पानाच्या शिवणीत शिरलेली.
शेजारी हातमोजे घातलेल्या दोन बाया,
एक हसरा पुरुष,
तिघंही दाराच्या मानाने बुटके.
माझा विश्वास बसेना. टेप लावली.
कागदावर दोन चाकांच्या मधे पाच चाकं मावतात,
खऱ्या गाडीत साडेतीन, तीही दाटीवाटीनं.
कुणीतरी पगारी चित्रकार
महिनाअखेरीला बसून ही ओढत गेला असणार
चकलीच्या पिठासारखी.

राग नाही आला.
पहिल्या वर्षी साल्मियाच्या पार्किंगात
कुणाच्या तरी पांढऱ्या शेवरोलेला टेकून
मीही फोटो काढून लांज्याला पाठवला होता.
आई फोनवर म्हणाली,
गाडी कुणाची ते असू दे,
सदरा कुणाचा?

"हा रंग," बू मिशारीनं पाकिटावर बोट ठेवलं.
"हाच."
पोपटी नव्हे, शेवाळी नव्हे,
कैरी आढीत घातल्यावर तिसऱ्या दिवशी दिसते तसा,
अजून हिरवा, पण निघालेला.
शेड कार्डं पालथी घातली.
डबे घोटले, पत्र्याच्या तुकड्यांवर फवारे मारले,
उन्हात नेऊन पाहिले, ट्यूबलाइटखाली पाहिले.
कॉम्प्रेसरवरचा इलियास म्हणाला, उस्ताद, पिवळा अजून.
मी पिवळा टाकला. मग अजून.

चौथ्या दिवशी मागची सीट उचलली
आणि खाली, ऊन कधीच न पोचलेल्या जागी,
मूळ रंग सापडला.
काळसर, थंड, औषधाच्या बाटलीचा हिरवा.
चकाकत होता.
मी तिथेच उकिडवा बसलो.
म्हणजे कागद पिवळा पडत गेला होता
आणि शाई त्याच्यासोबत.
सत्तर वर्षांनी कागदावर जे आणलं
ते मी थेंबाथेंबानं डब्यात ओतत होतो.

बू मिशारीला बोलावून दाखवलं.
तो वाकला, गुडघा कटकन वाजला.
कंदुऱ्याचं टोक वर धरून बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, मला आठवतच नाही.
पाच वर्षांचा होतो, वडील आत बसू देत नसत,
म्हणायचे पाय वाळूचे.
मग पाकिटाकडे बोट.
"हा कर."

तीन हात मारले, मधे घासकाम, वर लॅकर.
गाडी बाहेर काढली तर शेजारचे टायरवालेसुद्धा बघायला आले.
असली पॅकार्ड कुठल्याही कारखान्यातून
कधीच बाहेर पडली नसेल.
बू मिशारी दोनदा भोवती फिरला.
फोटो काढताना म्हणाला, बुरशोतम, तूही ये.
अंगात माझाच डगला होता,
बाह्यांवर हिरवे शिंतोडे.
मी टेकलो नाही, रंग ओला होता.

मागच्या सीटखाली मात्र
ताटाएवढी जागा टेप आणि वर्तमानपत्र लावून
तशीच सोडली होती.
संध्याकाळी टेप काढली, फडक्यानं पुसली,
सीट बसवली, चार बोल्ट.
बिलात ते लिहिलं नाही.